विश्लेषण : माळ्यावरच्या तबकड्यांसाठी ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ टर्नटेबल घ्यावे का?

घर रंगवायला काढले की माळ्यावरची एक पेटी हमखास खाली येते. मग घर तुकूममधले असो, बाबुपेठेतले असो की बल्लारपूरचे. पेटीत गीतरामायणाच्या एलपी, नाट्यगीते, पुलंचे कथाकथन, भीमसेन जोशींचे अभंग आणि अगदी तळाशी दोन-चार जड, ठिसूळ, जुन्या तबकड्या. ज्या ‘फिएस्टा’वर हे सगळे वाजायचे तो प्लेअर मात्र केव्हाच भंगारात गेलेला असतो. मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि काही हजारांच्या सुटकेसपासून लाखाच्या यंत्रापर्यंत सगळे एकाच पानावर समोर येते. त्यात एक शब्द सारखा भेटतो, ‘डायरेक्ट ड्राइव्ह’. तो असला तर जास्त पैसे द्यावेत का? घरी बसून गाणे ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग काय? प्रश्न केवळ पैशांचा नाही. चुकीची सुई एकदा खाचेत फिरली की झिजलेली खाच परत येत नाही, आणि या पेटीतल्या बऱ्याच तबकड्या पुन्हा विकत मिळणाऱ्याही नसतात.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. साध्या विजेच्या मोटरला इतके सावकाश फिरणे जमत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर चार ध्रुवांची सिंक्रोनस मोटर मिनिटाला १,५०० फेरे घेते. हा वेग उतरवायला दोन जुने मार्ग होते. मोटर आणि प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, यांच्यामध्ये रबराचे चाक लावायचे, नाहीतर रबराचा पट्टा. पहिल्यात मोटरची घरघर थाळीपर्यंत पोहोचते. दुसऱ्यात पट्टा ती घरघर शोषून घेतो, पण काळाबरोबर सैल होतो.

जपानच्या मात्सुशिता (आजची पॅनासोनिक) कंपनीतील अभियंता शुईची ओबाता यांनी मधला दुवाच काढून टाकला. थाळीचा दांडा हाच मोटरचा दांडा आणि मोटर थेट ३३⅓ वेगानेच फिरणारी. ‘टेक्निक्स एसपी-१०’ हे या पद्धतीचे पहिले टर्नटेबल १९७० मध्ये बाजारात आले. पुढे त्याला क्वार्ट्झ स्फटिकाची जोड मिळाली. मनगटी घड्याळात असतो तसाच स्फटिक ठरावीक ठेका देतो, सर्किट थाळीचा वेग त्या ठेक्याशी सतत ताडून पाहते आणि वेग किंचित जरी घसरला तरी लगेच सावरते.

या पद्धतीचा एक दोष तेव्हापासूनच सांगितला जातो. मोटर चुंबकाच्या एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाताना सूक्ष्म झटके देते. बैलगाडीचे चाक दगडावरून जाताना बसतो तसा, फक्त फारच लहान. लोखंडी गाभा नसलेल्या मोटरमध्ये हा झटका जवळजवळ नाहीसा होतो. टेक्निक्सच्या आजच्या यंत्रांत अशाच मोटर आहेत. स्वस्त डायरेक्ट ड्राइव्हमध्ये असतीलच असे नाही.

मग हे ‘डीजेचे यंत्र’ कसे झाले?

विदर्भात डीजे म्हटले की विसर्जन मिरवणुकीतला ट्रक डोळ्यांपुढे येतो, पण मूळचा डीजे तबकड्याच वाजवत असे. १९७२ मध्ये आलेले ‘टेक्निक्स एसएल-१२००’ खरे तर घरगुती श्रोत्यांसाठीच होते. न्यूयॉर्कच्या पार्ट्यांमध्ये तबकडी हाताने मागे-पुढे फिरवणाऱ्यांना ते आवडले, कारण हात काढताच थाळी क्षणात वेग पकडते आणि ताण देऊन तुटायला पट्टा नसतो. १९७९ च्या ‘एमके२’ आवृत्तीत वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी आली आणि यंत्रावर कायमचा शिक्का बसला. २०१० मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केले. दुसऱ्या डावात जे ग्राहक आले, त्यांत घरी बसून ऐकणारे बरेच आहेत.

घरच्या श्रोत्याला हाताने थाळी फिरवायची नसल्यामुळे मोटरची ताकद किती, थाळी किती क्षणांत वेग घेते, उलटी फिरते का, हे आकडे त्याने खुशाल सोडून द्यावेत. सरकपट्टीचे मात्र तसे नाही. गाणे शिकणाऱ्या घरात ती कामाची आहे. तबकडीवरच्या गायकाचा षड्ज आपल्या पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी पडत असेल, तर वेग किंचित हलवून तो नेमक्या पट्टीवर आणता येतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढवला की स्वर अर्ध्या स्वराने चढतो. बहुतेक यंत्रांत आठ टक्क्यांपर्यंतची मुभा असते.

वेगातला फरक कानाला कळतो का?

पाश्चात्त्य रॉक संगीतात ढोलाच्या गदारोळात वेगाची लहानशी लाट लपून जाते. आपल्याकडे ती लपत नाही. मागे तंबोरा अखंड वाजत असतो, त्यावर गायक एकच स्वर दहा-दहा सेकंद धरून ठेवतो. थाळीचा वेग हेलकावला की तंबोराच हेलकावतो. ख्यालाची एलपी ही टर्नटेबलची सर्वांत कडक परीक्षा आहे असे म्हटले तरी चालेल.

आकड्यांत सांगायचे तर वेगात एक टक्क्याची चूक म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सहावा हिस्सा. संगीतशास्त्रात जिला प्रमाणश्रुती म्हणतात, ते ८१:८० चे अंतर सव्वा टक्क्याचे आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘वॉव अँड फ्लटर’ म्हणून जो आकडा असतो, तो वेगाच्या याच चढ-उताराचा. ‘टेक्निक्स एसएल-१५००सी’साठी कंपनी तो ०.०२५ टक्के सांगते, तर त्यापेक्षा बरेच स्वस्त असलेल्या ‘ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्सयूएसबी’साठी ०.२ टक्क्यांहून कमी. दोन कंपन्यांची मोजण्याची रीत सारखी नसते, त्यामुळे पहिले आठपट चांगले असा सरळ हिशेब करू नये.

शिवाय एक गोष्ट जाहिरातीत कधीच येत नाही. जुन्या छपाईत तबकडीचे भोक नेमके मध्यावर नसणे ही नेहमीची तक्रार आहे. भोक केवळ अर्धा मिलिमीटर सरकलेले असले तरी केंद्रापासून दहा सेंटीमीटरवरच्या खाचेत वेग अर्धा टक्का वर-खाली होतो. शेवटच्या, आतल्या गाण्याला तो पाऊण टक्क्यावर जातो. टोनआर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसला की समजावे. हा दोष तबकडीचा आहे, कोणतीही मोटर तो घालवू शकत नाही. म्हणजे ०.२ टक्क्यांवरून ०.०२५ वर जाण्यासाठी लाखभर मोजणाऱ्याच्या पेटीत अशा तबकड्या असतील, तर त्या पैशांचा मोठा भाग ऐकूच येणार नाही.

चंद्रपुरात निवड वेगळी का ठरते?

टर्नटेबलविषयीचा बहुतेक सल्ला लंडन किंवा टोकियोतला असतो. तिथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जात नाही. रबराचा उष्णतेशी उभा दावा आहे. पट्टा कडक होतो, ताणला जातो, क्वचित चिकट होतो आणि थाळी हळू फिरू लागते. पट्टा स्वस्त असतो हे खरे, पण नेमक्या मापाचा पट्टा इथल्या दुकानात टांगलेला नसतो. नागपूर दीडशे किलोमीटरवर, आणि तिथेही तो मागवावाच लागतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बदलायला पट्टाच नाही. गडचिरोली, चंद्रपूरच्या ग्राहकासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे, वेगाच्या अचूकतेहूनही मोठा.

याची दुसरी बाजूही आहे. पट्टा तुटला तर घरच्या घरी बदलता येतो. डायरेक्ट ड्राइव्हचे सर्किट जळले तर शेजारच्या टीव्ही मेकॅनिककडे त्याचा सुटा भाग मिळणार नाही. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत. वॉरंटी भारतातली आहे का, आणि दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवायचे?

जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असतो, आणि वीज गेल्यावर घरातला इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर अशी मोटर घुमू लागते. क्वार्ट्झवर चालणाऱ्या यंत्राच्या वेगाला वारंवारतेशी देणे-घेणे नसते. अर्थात इन्व्हर्टरची कुरकुर अॅम्प्लिफायरमध्ये शिरू शकतेच.

आणि कूलर! विदर्भातल्या घरात मार्च ते जून तो बंद होत नाही. एखादे यंत्र ७८ डेसिबल शांत की ७३, यावर हाय-फायवाले तासन्‌तास वाद घालतात. कूलरच्या पंख्यापुढे हा फरक उरत नाही. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा, कूलर बंद करता येईल तेव्हाच ऐकायचे, हा उपाय फुकटचा आहे. कूलरच्या थेट झोतात तबकड्यांचे कपाट नसावे, पुठ्ठ्याची पाकिटे ओल धरतात आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते. एक बारीकसा लाभ मात्र कूलर देतो. कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साठते, धूळ चिकटते आणि गाण्यात कटकट ऐकू येते. दमट हवेत ती कमी होते.

धुळीचा प्रश्न इथे गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर होते. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या उघड्या खाणी, वाहतुकीचे ट्रक, यांची बारीक काळी धूळ बंद खिडकीतूनही येते. हिऱ्याची सुई आणि खाच यांच्यामध्ये ती सापडली की सँडपेपरचे काम करते. झाकण नसलेले टर्नटेबल दिसायला कितीही देखणे असो, ते या शहरासाठी नाही. कार्बन तंतूंचा ब्रश ही चैनीची वस्तू न मानता यंत्राबरोबरच घ्यावी आणि प्रत्येक बाजू लावण्याआधी फिरवावी.

हादऱ्यांच्या बाबतीत चंद्रपूरकर निम्मा सुदैवी आहे. परदेशात लाकडी तक्तपोशीवर चालताना सुई उडते, म्हणून तिथे स्प्रिंगवर तरंगणारी टर्नटेबल निघाली. आपल्या घरात फरशी किंवा काँक्रीट असते, पावलांनी काही होत नाही. यंत्र भिंतीतल्या पक्क्या फळीवर ठेवले की काम भागते. पत्र्याच्या कपाटावर ठेवू नये, पत्रा स्वतःच घुमतो. स्पीकरही त्याच फळीवर नकोत. ऊर्जानगर, दुर्गापूरकडच्या वस्त्यांत खाणीतल्या सुरुंगांनी भांडी वाजतात ही तक्रार जुनी आहे. त्यावर कोणतेही टर्नटेबल उपाय नाही, पण सुरुंगाची वेळ तिथे सर्वांना पाठ असते.

मग पैसे नेमके कुठे घालावेत?

आवाज घडतो तो सुईच्या टोकाशी. मोटर केवळ तबकडी फिरवते. म्हणून क्रम असा : आधी कार्ट्रिज आणि सुई, मग टोनआर्म, त्यानंतर मोटर. सर्वांत आधी टोनआर्मच्या मागच्या टोकाला फिरवता येणारे वजन आहे का ते पाहावे. त्या वजनाने सुईचा भार ठरतो. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते, भार साधारण पाच ग्रॅमच्या घरात जातो आणि तो बदलता येत नाही. नवी, सहज मिळणारी तबकडी त्यावर वाजवून पाहायला हरकत नाही. आजोबांची पेटी त्यावर लावू नये.

एटी-एलपी१२०एक्सयूएसबीसोबत ‘व्हीएम९५ई’ हे कार्ट्रिज येते. पुढे पैसे साठले की तेच अंग ठेवून सरस सुई बसवता येते. अॅम्प्लिफायरला जोडण्याआधी लागणारे फोनो सर्किटही यंत्रात आहे. तबकडी कापताना मंद्र स्वर दाबलेले आणि तार स्वर वाढवलेले असतात, हे सर्किट ते पूर्ववत करते. ते कुठेच नसेल तर आवाज अगदी क्षीण आणि किनरा येतो, आणि ग्राहक यंत्र बिघडले म्हणून परत पाठवतो. याच यंत्राची यूएसबी तार संगणकाला लावून तबकडीची प्रत काढता येते. दुर्मीळ तबकडी वर्षातून एकदा वाजवावी आणि एरवी प्रत ऐकावी, हे शहाणपणाचे.

एसएल-१५००सी लाखाच्या घरातले यंत्र आहे. त्यावर डीजेची सरकपट्टी नाही, सोबत ऑर्टोफोनचे ‘२एम रेड’ कार्ट्रिज आहे आणि बाजू संपली की टोनआर्म आपोआप उचलला जातो. ऐकता ऐकता डोळा लागणाऱ्यांसाठी ही सोय मोटरपेक्षा मोलाची, कारण शेवटच्या खाचेत रात्रभर घासत राहिलेली सुई अशी वाचते.

पट्ट्यावरच्या यंत्रांना इथे निकालात काढायचे नाही. रेगा, प्रो-जेक्ट यांची सुरुवातीची यंत्रे मोटरवर कमी आणि टोनआर्मवर जास्त खर्च करतात, तेवढ्याच किमतीत त्यांचा आवाज पुष्कळदा सरस वाटतो. घर गार राहत असेल आणि एक-दोन जादा पट्टे सुरुवातीलाच मागवून थंड जागी ठेवायची तयारी असेल, तर ती जरूर ऐकून पाहावीत.

पेटीच्या तळाशी असलेल्या जड तबकड्यांचे काय?

त्या बहुधा ७८ फेऱ्यांच्या. भारतात त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घसरते, नुसता खरखराट ऐकू येतो. त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. ‘व्हीएम९५एसपी’ ही त्याच जातीतली आहे, भार मात्र पाच ग्रॅमच्या आसपास ठेवावा लागतो. बरीच डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रे ७८ चा वेग देतात, तर पट्ट्याच्या अनेक स्वस्त यंत्रांत तो नसतो. पेटीत ७८ असतील तर निवड इथेच निम्मी संपते.

या तबकड्या प्लास्टिकच्या नाहीत. दगडाची भुकटी लाखेत मळून त्या दाबलेल्या असत. तीच लाख, जी गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळसाच्या फांद्यांवर कीटक तयार करतात. सुतार लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. नेमके तेच ७८ च्या तबकडीचे होते. इंटरनेटवर सांगितलेल्या अल्कोहोलच्या मिश्रणाने ती पुसली तर वरचा थर विरघळतो. एलपीसाठी बनवलेले बाटलीतले द्रावणही आधी त्यात अल्कोहोल आहे का ते वाचल्याशिवाय वापरू नये. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या सौम्य द्रावणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. मधला कागदी शिक्का भिजू द्यायचा नाही.

एलपी विनाइलच्या. त्या ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हे तापमान सहज गाठले जाते, आणि पत्र्याखालच्या माळ्याचाही भरवसा नाही. पेटी खाली काढली आहे तर ती परत वर टाकू नये. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

जुने जपानी यंत्र घ्यावे का?

१९७०-८० च्या दशकातली टेक्निक्स, सोनी, पायोनियरची डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रे मुंबईत आणि ऑनलाइन मिळतात. अनेक आजही उत्तम चालतात. मात्र मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. जपानमधील वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतील १२० ची. तसे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले की संपले. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याची किंमत सौद्यात धरावी. टोनआर्म बोटाने अगदी हलके हलवून पाहावा, तो डुगडुगत असेल तर सांधा खराब आहे. यंत्र किमान अर्धा तास चालू ठेवून पाहावे, कारण जुने कपॅसिटर गरम झाल्यावरच आपले रंग दाखवतात.

घरी आल्यावर काय तपासावे?

सुईवर टोपण आणि टोनआर्म जागेवर अडकवलेला असताना थाळीवर बरोबर मध्यभागी मोबाइल ठेवावा. फेरे मोजणारी मोफत अॅप फोनच्या जायरोस्कोपवर चालतात. आकडा ३३.३ च्या जवळ आणि स्थिर हवा. ३३.५ दिसला तर चूक अर्ध्या टक्क्याची आहे. सरकपट्टी शून्यावर आहे ना, ते पाहावे आणि तरीही फरक राहिला तर परतीची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला कळवावे. सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत येतो, टोनआर्मवरच्या आकड्यांपेक्षा त्यावर विश्वास ठेवावा. आवाजात सतत गुणगुण येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का, हे आधी पाहावे. ती जोडूनही गुणगुण तशीच राहिली तर बिघाड घराच्या अर्थिंगमध्येही असू शकतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागते.